कानकाकांच्या घरचं मशीन

कानकाकांना खरं नाव होतं, पण ते आता फक्त वीजबिलावर उरलं होतं. वस्तीतली लहानथोर सगळी त्यांना कानकाका म्हणायची, कारण कुठल्याही एसीपुढे उभे राहिले की ते आधी कान लावायचे. लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर काढायचा, टोक कॉम्प्रेसरवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे आणि दुसऱ्या हाताने सगळ्यांना गप्प करायचं. घरमालक, घरमालकीण, शेजारी, सगळे श्वास रोखून उभे. मग काका डोळे उघडून सांगायचे, "बेअरिंग रडतंय." नाहीतर, "काहीही झालेलं नाही. जाळी धुवा. उगाच बोलावलंत मला." शंभरात नव्व्याण्णव वेळा बरोबर. उरलेल्या एका वेळेबद्दल काका बोलत नसत, तेव्हा आपणही विषय काढू नये.

तीस वर्षं हा माणूस लोकांच्या खोल्या उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात गरम करत आला. खांद्यावर शिडी, हातात पाण्याचा पंप, खिशात चिठ्ठ्यांचं पुस्तक. पंप एकवेळ विसरतील, पण पुस्तक नाही. काम झालं की चिठ्ठी लिहायची: तारीख, काय धुतलं, काय बदललं, मशीन किती करंट ओढतंय. खाली ग्राहकाचा शेरा, त्याखाली ग्राहकाची सही. आणि चिठ्ठी फाडून हातात देताना ठरलेलं भाषण. ते ऐकल्याशिवाय सुटका नसे.

"ही जपून ठेवा. घराचा विमा काढलाय ना? मग ऐका. वीज पडून, आग लागून, वादळात झाड कोसळून मशीन गेलं तर विमा पैसे देतो. गंजून गेलं, झिजून गेलं, वर्षानुवर्षं धुतलं नाही म्हणून गेलं, तर छदाम देत नाही. आणि कशाने गेलं हे ठरवताना ते लोक पहिली मागतात ही चिठ्ठी."

लोक मान डोलवायचे आणि चिठ्ठी फ्रिजच्या डोक्यावर ठेवून द्यायचे. पण विमा कंपनीची माणसं काकांचा कागद डोळे झाकून घ्यायची, कारण काका खोटं लिहीत नसत. एकदा एका बड्या हॉटेलवाल्याने फार गळ घातली होती, की वीज पडून मशीन गेलं असं लिहून द्या. काकांनी कान लावला, झाकण उघडलं आणि लिहिलं, 'मळाने गेले.' हॉटेलवाला भडकला. काका म्हणाले, "खोटंच लिहायचं असेल तर दुसरा कान शोधा." त्या हॉटेलातली चौदा मशीनं हातची गेली. पुढे काही दिवस बायको त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती.

आता एवढा शिस्तीचा माणूस, तर त्याच्या घरचं मशीन कसं असेल? मशीन होतं उत्तम. चालवणाऱ्याला मात्र चैन नव्हती, कारण ते मशीन होतं सासूबाईंच्या खोलीत.

सासूबाईंना दमा. धूळ चालत नाही, उकाडा चालत नाही, थंडी तर अजिबात चालत नाही. दवाखान्यातून सुटल्यावर पंधरा दिवस लेकीकडे विश्रांतीला म्हणून आल्या, त्याला सहा वर्षं झाली. काकांनी स्वतःच्या खोलीतलं गरम-गार दोन्ही करणारं मशीन काढून त्यांच्या खोलीत बसवलं, आणि त्या दिवसापासून त्या मशीनवरून जी जुंपली ती जुंपलीच.

"जावईबापू, साऱ्या जगाची मशीनं धुता, आमचंच तेवढं सावत्र का?"

"आई, गेल्याच महिन्यात धुतलंय."

"मग हा वास कसला येतोय?"

"तुमच्या बामचा."

"माझ्या बामला नावं ठेवू नका. तो माझ्या मुलाने आणलाय."

मग काका पुटपुटत शिडी आणायचे, बादली लावायचे, मशीन धुवायचे, आणि दर वेळी थोडं तरी पाणी सासूबाईंच्या गादीवर सांडायचं. जगाच्या घरात एक थेंब न सांडणाऱ्या माणसाच्या हातून आपल्याच घरी कसं सांडायचं, देव जाणे. सासूबाईंचं मत होतं की ते मुद्दाम सांडतात. काकांचं मत होतं की त्या मुद्दाम गादी पुढे सरकवतात. बायकोने दोघांपुढे हात टेकले होते.

तर असं सगळं सुखात चाललेलं असताना एका दुपारी वादळ आलं. आभाळ काळं झालं, वारा सुटला, आणि साडेतीनच्या सुमारास अशी वीज कडाडली की गल्लीतली कुत्री पलंगाखाली शिरली. त्या एका दणक्यात शेजारचे दोन टीव्ही गेले, समोरच्या शिंप्याच्या मशीनची मोटर गेली, आणि सासूबाईंच्या खोलीत फट् असा आवाज होऊन एसीतून धूर निघाला.

काका धावत घरी आले. सासूबाईंना आधी खिडकीपाशी आणून बसवलं, मग मागच्या बाजूला जाऊन बाहेरच्या युनिटला कान लावला. काही ऐकू आलं नाही. झाकण उघडलं तर आतला बोर्ड कोळसा झालेला. मीटर लावून पाहिलं, कॉम्प्रेसरही गेला होता.

"दुरुस्त करा ना मग," बायको म्हणाली. "तुम्हाला काय मजुरी पडणार आहे?"

"मजुरी नाही गं. हे दोन भाग म्हणजे अर्ध्याहून जास्त मशीनच झालं. त्यापेक्षा नवीन बरं. आणि तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये आपला खिसा किती रिकामा झालाय ते तुला माहीतच आहे."

तसे काका निर्धास्त होते. घराचा विमा होता, हप्ते वेळेवर भरलेले होते, आणि मशीन गेलं होतं चक्क वीज पडून. अर्ज त्याच संध्याकाळी केला.

दुसऱ्या दिवशी मेहुण्याचा फोन आला. मेहुणा म्हणजे सासूबाईंचा थोरला, दूरच्या शहरात राहणारा, मोठ्या पगाराचा आणि नीटनेटक्या बोलण्याचा. तो म्हणाला, "आईला असं ठेवून चालणार नाही. माझ्याकडे खोली आहे, मशीन आहे. रविवारी गाडी घेऊन येतो. तुमचं मशीन तोवर झालं असेल तर प्रश्नच नाही, नाहीतर घेऊन जातो. आणि आता तिने कायमच राहावं इकडे. सहा वर्षं तुम्ही केलंत, खूप झालं."

काय चुकीचं बोलला? काहीच नाही. सासूबाई म्हणाल्या, "जाते की. इथे कोणाला माझी पडलीय?" काका म्हणाले, "बरंच झालं. मला निवांत टीव्ही बघायला मिळेल." सासूबाईंनी तोंड फिरवून घेतलं. काका मागच्या अंगणात गेले आणि मेलेल्या मशीनची जाळी काढून धुवायला बसले. ती स्वच्छच होती. तरी तीनदा धुतली. बायको पाठीमागे येऊन उभी राहिली, तेव्हा मान वर न करता म्हणाले, "अगं, त्या गेल्या तर घर खायला उठेल मला." सहा वर्षांत हे पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून बाहेर पडलं होतं.

मंगळवारी विमा कंपनीची सर्व्हेअर आली. चष्मेवाली, चटपटीत पोरगी; काकांना चांगली ओळखत होती. "काका, चक्क तुमच्याच घरी?" म्हणत तिने मशीनचे फोटो काढले, बोर्ड हातात घेऊन पाहिला, मशीन किती वर्षांचं ते विचारलं. नऊ. मग खुर्चीत बसून टॅब उघडला आणि हसत म्हणाली, "आता तुमच्या त्या प्रसिद्ध चिठ्ठ्या द्या. तीनेक वर्षांच्या पुरे."

काकांचा हात सवयीने खिशातल्या पुस्तकाकडे गेला आणि तिथेच थांबला.

तीस वर्षं. हजारो चिठ्ठ्या. आणि स्वतःच्या घरची एकही नाही. असणार कशी? स्वतःच्या घरात काम करून स्वतःलाच चिठ्ठी कोण फाडून देतो? खाली ग्राहक म्हणून सही कोणाची घ्यायची, बायकोची? जगाला कानीकपाळी ओरडून सांगितलेली गोष्ट त्यांच्या स्वतःच्या डोक्यातच आली नव्हती.

"चिठ्ठ्या नाहीत," ते म्हणाले. "पण धुतलंय मी. दर दीड-दोन महिन्यांनी. मी सांगतोय ना."

पोरीचा चेहरा पडला. "काका, दुसऱ्या कोणाच्या घरी तुम्ही हे लिहून दिलं असतं, तर मी आत्ता सही करून निघाले असते. पण मशीन तुमचं, दावा तुमचा, आणि दाखलाही तुमचाच, हे कसं चालेल? बोर्ड विजेने जळलाय हे दिसतंय मला. पण कॉम्प्रेसर नऊ वर्षांचा आहे. ऑफिसात विचारणार, तो आधीच शेवटच्या घटका मोजत नव्हता कशावरून? देखभालीचा कागद नसेल तर मला 'झीज' लिहावं लागेल. आणि झीज धरली की काही मिळत नाही, हे तुम्हीच लोकांना शिकवलंय."

"कधीपर्यंत देऊ कागद?"

"गुरुवारी पुन्हा येते. त्याच्या पुढे मला थांबता येणार नाही."

ती गेल्यावर बायकोने फ्रिजचं डोकं झाडून पाहिलं, चुकून एखादी चिठ्ठी असेल म्हणून.

बुधवारी काका स्पेअरपार्टच्या दुकानात गेले. दुकानदार जुना दोस्त. सगळं ऐकून तो खो खो हसला आणि मग गल्ल्याखालून आपल्या दुकानाचं चिठ्ठ्यांचं कोरं पुस्तक काढून काकांच्या खिशात कोंबलं. "शिक्का मारलेला आहे. मागच्या तारखा टाक, सही मी करतो. तू धुतलंयस ना खरंच? मग खोटं काय त्यात? फक्त कागद उशिरा होतोय."

"फक्त कागद उशिरा होतोय," असं स्वतःशीच म्हणत काका घरी आले. जेवणाच्या टेबलाशी बसले, चष्मा लावला, पेनाचं टोपण काढलं. पहिल्या चिठ्ठीवर तारीख घालायची म्हणून हात पुढे नेला आणि आठवेना. कधी धुतलं होतं? पंधरा तारखेला की वीसला? उन्हाळ्याच्या आधी की नंतर? शेवटी एक तारीख ठोकून दिली.

"काय लिहिताय?"

दारात सासूबाई. हातात काठी.

"काही नाही."

"मग झाकताय कशाला?"

काकांनी हात बाजूला घेतला. सासूबाईंनी पुस्तक उचललं, दुकानाचं नाव वाचलं, तारीख वाचली, आणि त्या खुर्ची ओढून समोर बसल्या. त्यांना सगळं समजलं. म्हातारीचे डोळे अधू होते, डोकं नव्हतं.

"हॉटेलवाल्याला ठणकावून सांगणारे तुम्हीच ना? जावयाची ती गोष्ट मी आल्यागेल्याला सांगत असते. आणि आज हे?"

"आई, तुम्ही जाऊ नये म्हणून."

निघून गेलं तोंडातून. बोलून झाल्यावर काका टेबलावरच्या मिठाच्या बरणीकडे बघत बसले. सासूबाईंनी पुस्तक मिटून त्यांच्यापुढे सरकवलं.

मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "फाडा तो कागद. माझ्यासाठी नाक कापून घ्यायची गरज नाही. अडलंय कशासाठी, नीट सांगा."

काकांनी कागदाचे चार तुकडे केले. "मशीन कधी कधी धुतलं, ते दाखवायला हवं."

"एवढंच ना? मग माझं कपाट उघडा." आणि लगेच, "थांबा. तुम्ही नको. लेकीला बोलवा. तुम्ही वाचायचं नाही."

गुरुवारी सर्व्हेअर आली, तेव्हा सासूबाईंच्या पलंगावर सहा वर्षांची जुनी कॅलेंडरं पसरली होती. त्या ती टाकून देत नसत. वर्ष संपलं की पानं सुटी करून कपाटाच्या फळ्यांवर साड्यांखाली अंथरत. पण अंथरण्याआधी वर्षभर त्या पानांच्या मागच्या कोऱ्या बाजूचा एक उपयोग व्हायचा. मुलगा भेटला की जावयाबद्दल काय काय सांगायचं, ते विसरू नये म्हणून त्या तिथे पेन्सिलीने लिहून ठेवायच्या. तारीखवार. मुलगा वर्षातून एकदा यायचा आणि दीड तास थांबायचा, त्यामुळे सांगायचं सगळं तसंच राहून जायचं.

"हिला वाचू दे," सासूबाईंनी सर्व्हेअरकडे बोट दाखवलं. "जावयांनी बाहेर थांबावं."

काका दाराबाहेर थांबले, पण कान हा त्या माणसाचा धंदाच होता.

आत पोरगी मोठ्याने वाचू लागली. "चार तारीख. जावयांनी आज मशीन धुतलं. गादीवर पाणी. माफी नाही." तिने दोन पानं उलटली. "एकोणीस तारीख. वास येतो असं मी म्हणाले तर माझ्या बामवर आळ घेतला. मग धुतलं. पाणी." पान उलटलं. "सात तारीख. मशीन धुतलं. शिट्टी वाजवत होते. माझ्या डोक्यावर शिट्टी वाजवायचं काय कारण? अठ्ठावीस तारीख. गॅस तपासला, बरोबर आहे म्हणाले. माझ्या तब्येतीची चौकशी केली नाही, मशीनची केली." तिला हसू आवरेना. काकांची बायको पदराने डोळे पुसत हसत होती. "तीन तारीख. धुतलं. पाणी सांडलं नाही. संशय येतो."

"आली ना तारीख? टिपून घ्या," सासूबाई गंभीरपणे म्हणाल्या.

पोरीने टिपून घेतल्या. तीन वर्षांत एकवीस वेळा मशीन धुतलं गेलं होतं, आणि गादी एकोणीस वेळा भिजली होती. तिने पानापानाचा फोटो काढला. मग म्हणाली, "आजी, घरच्या माणसाचं लिहिलेलं सहसा मी पुरावा म्हणून नेत नाही. पण स्वतःची इतकी नालस्ती असलेला खोटा कागद कोणी तयार करेल, असं माझे साहेबसुद्धा म्हणणार नाहीत. फक्त एक राहिलं. वादळाच्या दिवसापर्यंत मशीन नीट चालत होतं का?"

"ते भिंतीवर आहे."

चालू वर्षाचं कॅलेंडर खिळ्यावरून निघालं. पोरगी वाचू लागली. "साडेतीनला वीज कडाडली. मशीनमधून धूर. तोपर्यंत इतकं गार होतं की मी पांघरूण घेऊन पडले होते." ती म्हणाली, "झालं! हेच हवं होतं." आणि पुढच्या ओळीशी तिचा आवाज थांबला. तिने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई खिडकीकडे बघत होत्या. फोटो काढून ती उठली, बाहेर येऊन कॅलेंडर काकांच्या हातात दिलं, आणि चप्पल घालायला लागली.

"अगं ए, त्यांना नाही द्यायचं!" आतून आवाज आला, पण तोवर काकांनी चष्मा लावला होता.

'नंतर जावई दोन तास पुठ्ठ्याने वारा घालत बसले. मला झोप लागली असं त्यांना वाटलं.' आणि त्याखाली दुसऱ्या दिवसाची तारीख. 'मुलाचा फोन आला. इकडे ये म्हणाला. मी हो म्हणाले. मला जायचं नाही.'

काकांनी ते दोनदा वाचलं. मग कॅलेंडर पुन्हा खिळ्याला अडकवून आले. येताना सासूबाईंकडे बघायची त्यांची छाती झाली नाही.

शुक्रवारी दुपारी फोन आला. दावा मंजूर. मशीन जुनं म्हणून थोडी कपात होती, पण नवीन घ्यायला पुरेल इतकं मिळणार होतं. दुकानदार दोस्ताने त्याच तासाला नवीन मशीन मागवलं; ते शनिवारी रात्री उशिरा पोचलं. "पैसे आले की दे, आणि माझं पुस्तक परत कर," एवढंच म्हणाला.

रविवारी मेहुणा ठरल्याप्रमाणे मोठी गाडी घेऊन आला, पांढऱ्या शुभ्र शर्टात. त्याने चहा घेतला, आणि तो संपायच्या आत काकांनी त्याला शिडी धरायला उभं केलं. दोन तास तो बिचारा शिडी धरून होता. आईने तेवढ्यात सहा वर्षांचं सांगायचं राहिलेलं सगळं एकदाचं सांगून टाकलं, पानं समोर ठेवून. मेहुणा "हो का," "अरेरे," करत राहिला. मशीन सुरू झालं, गार वारा आला, आणि काकांनी पाइप तपासायला म्हणून बादली उचलली. अर्धी गादीवर, अर्धी शुभ्र शर्टावर.

"बघितलंस?" सासूबाई मुलाला म्हणाल्या. चेहरा असा की लॉटरी लागलीय.

मेहुणा ओल्या शर्टाने रिकामी गाडी घेऊन निघून गेला. काकांनी हात पुसले, खिशातून स्वतःचं पुस्तक काढलं आणि पलंगाच्या काठावर बसून लिहायला घेतलं. तारीख, काय बसवलं, किती करंट ओढतंय. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या घरची चिठ्ठी. मग पुस्तक आणि पेन सासूबाईंपुढे धरलं.

"इथे शेरा, आणि इथे सही. जपून ठेवायची असते ही."

"माहीत आहे. भाषण नको."

सासूबाईंनी चष्मा सारखा केला, पेन झटकून पाहिलं, आणि वेळ लावून लिहिलं. काकांनी चिठ्ठी हातात घेऊन वाचली.

'पाणी सांडले. राहायला हरकत नाही.'